जुन्या नौकेची किंमत आणि थांबण्याची ताकद

मासेमारीचा हंगाम सरत आला की कोकणच्या बंदरांत जुन्या नौकांचे सौदे निघतात आणि ‘बाजारात मिळेल तीच खरी किंमत’ हे वाक्य वेदवाक्याच्या थाटात ऐकवले जाते. ते ऐकवणारा बहुधा घेणारा असतो, नाहीतर दलाल. विकणारा नाखवा ते कधी उच्चारीत नाही. या सिद्धांताचा पाया कोणाच्या हिताचा आहे, हे एवढ्यावरूनच उघड व्हावे.

नाखव्याच्या बाजूनेही मात्र दोन भ्रम जोपासले जातात. ‘नौकेत इतके पैसे घातले’ हा पहिला, आणि ‘कर्ज इतके बाकी आहे’ हा दुसरा. घातलेला पैसा किंमत ठरवीत नाही. अधिक चांगले किंवा अधिक स्वस्त यंत्र बाजारात आले की जुने यंत्र न झिजताही उतरते; मार्क्सने यालाच नैतिक झीज म्हटले होते. आणि कर्ज हे नाखव्याचे असते, लाकडाचे नव्हे. घेणाराही पुष्कळदा दुसरा गरीब मच्छीमारच असतो. पहिल्याच्या कर्जाचा बोजा दुसऱ्याच्या माथी मारणे याला समाजवाद म्हणत नाहीत.

मग रास्त मागणी कोणती? उदाहरणादाखल एक नौका घ्यावी. तिचे इंजिन, लोखंड आणि लाकूड मोडीत काढले तर आज ३ लाख रुपये येतात. ही तळाची मर्यादा. नौका आणखी ६ वर्षे चालेल असे धरले आणि डिझेल, बर्फ, खलाशांचे वाटे, दरवर्षीची डागडुजी व मालकाच्या स्वतःच्या श्रमाचा मोबदला वजा जाता वर्षाला दीड लाख उरतात असे मानले, तर बेरीज ९ लाख होते. पण सहा वर्षांनी येणारा रुपया आजच्या रुपयाइतका नसतो. १२ टक्के व्याजाने हिशेब केला आणि शेवटी मोडीचा १ लाख मिळेल असे धरले, तर या उत्पन्नाचे आजचे मोल सुमारे ६ लाख ७० हजार ठरते. तातडीच्या दुरुस्तीचे ७० हजार वजा केले की उरतात ६ लाख. हीच रास्त मागणी. या किमतीला घेणाऱ्याचे नुकसान नाही. त्याच्या श्रमाचे दाम त्याला मिळतात आणि भांडवल १२ टक्के व्याजासह परत येते. याहून अधिक मागणे अन्यायाचे, आणि मोडीच्या भावात नौका पळवणे ही लूट होय.

प्रत्यक्षात सौदा ३ आणि ६ लाखांच्या मध्ये कोठे तुटतो? जो थांबू शकतो त्याच्या बाजूला. १ जूनला पावसाळी मासेमारीबंदी लागू होते. नौका किनाऱ्यावर ओढून शाकारली जाते, उत्पन्न थांबते, व्याज मात्र थांबत नाही. व्यापाऱ्याकडून उचललेली आगाऊ रक्कम मानेवर असते. घेणाऱ्याला नारळी पौर्णिमेपर्यंत थांबता येते. विकणाऱ्याला पुढचा आठवडा काढणे कठीण. ३ जून २०२० रोजी आलेल्या ‘निसर्ग’ वादळासारखी आपत्ती कोसळली की हे अंतर आणखी वाढते. अशा सौद्याला ‘दोन स्वतंत्र व्यक्तींचा करार’ म्हणणे ही अर्थशास्त्राची थट्टा आहे. येथे विकली जाते ती केवळ नौका नव्हे, नाखव्याची अगतिकताही विकली जाते.

दुसरे कारण अज्ञानाचे. जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली दाखवून दिले की, वस्तूतील दोष विकणाऱ्यालाच ठाऊक असले तर घेणारा प्रत्येक वस्तू सदोष धरूनच भाव सांगतो आणि चांगल्या वस्तूच्या मालकाला योग्य भाव मिळत नाही. फायबरच्या थराखाली लाकूड कुजले आहे की नाही, हे वरून कोणाला दिसणार? त्यामुळे इमानाने राखलेल्या नौकेलाही कुजक्या नौकेचा भाव येतो. दोष लपवणारा नाखवा केवळ घेणाऱ्याला फसवीत नाही, तो आपल्या शेजारच्या नाखव्याचाही भाव पाडतो.

तिसरी बाब परवान्याची. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ यानुसार मिळणारा परवाना हा समाजाने दिलेला अधिकार आहे. तो कोणी सुताराने घडवलेला नाही. नवे परवाने दुर्मीळ झाले की जीर्ण सांगाड्यालाही कागदामुळे भाव चढतो, आणि पैसेवाला माणूस नौकेच्या नावाखाली समुद्रच विकत घेऊ पाहतो. समुद्र कोणाच्या बापाचा नाही. रास्त किमतीत कागदाचा एक रुपयाही धरता कामा नये.

यावर उपाय उपदेशाचा नाही, संघटनेचा आहे. मच्छीमार सहकारी सोसायट्यांनी विक्रीपूर्वी जाणत्या सुताराकडून व मेकॅनिककडून नौकेची उघड तपासणी करून घ्यावी: तळाच्या फळ्या टोचून पाहाव्यात, सांधे, खिळे, शाफ्ट व पंखा तपासावा आणि दोषांसह अहवाल चावडीवर लावावा. वर दाखवला तसा हिशेब प्रत्येक नौकेचा मांडावा. खलाशांचे थकलेले वाटे विक्रीच्या रकमेतून सर्वांत आधी चुकते व्हावेत. नौका विकली गेली की त्यांचा रोजगारही जातो, याची आठवण सौद्याच्या वेळी कोणी ठेवीत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, बंदीच्या काळात नाखव्याला अल्पव्याजी उचल मिळावी, म्हणजे त्याला आषाढात नव्हे, हंगामाच्या तोंडावर विकता येईल.

ही शेवटची मागणी मान्य झाली नाही तर बाकीचे हिशेब कागदावरच राहतील. सहा लाखांची मागणी करणे सोपे आहे. तीन लाखांना ‘नाही’ म्हणता येणे अवघड आहे. ते ‘नाही’ म्हणण्याचे बळ एकट्या नाखव्यापाशी नसते, ते सोसायटीने उभे करायचे असते. किनाऱ्यावरच्या कार्यकर्त्यांनी पुढचा पावसाळा लागण्यापूर्वी या कामाला हात घालावा.