वकीलपत्रावर सही करण्याआधी...

दवाखान्यात पेशंटच्या उशाशी शहाळं घेऊन येणारे नातेवाईक आपल्याला नवीन नाहीत. अपघाताची केस असली की मात्र कधीकधी त्यांच्याही आधी एक गृहस्थ हजर होतात. काखेत फाईल आणि बोलणं अगदी घरच्यासारखं. "वहिनी, तुम्ही काही काळजी करू नका. इथं दोन सह्या करा, बाकी सगळं आमचे वकीलसाहेब बघतील. आधी एक पैसा द्यायचा नाही!" घरचं माणूस आत प्लॅस्टरमध्ये, बिलाचा आकडा वाढतोय, डोकं ठिकाणावर नाही. सह्या होतात. त्या कशावर झाल्या हे कितीतरी महिन्यांनी कळतं.

महिला मंडळाच्या कामामुळे अशा बऱ्याच फायली मी पाहिल्या. मी वकील नाही, साधी बी.ए. झालेली बाई. पण वाचून, विचारून आणि कोर्टात चकरा मारून जे समजलं ते मैत्रिणींनो, आज तुमच्यापुढे मांडते आहे. अपघाताचा क्लेम म्हणजे पुरुषांचं काम असं धरून आपण बाजूला बसतो आणि मग आपल्या वाट्याला काय येतं ते पाहा.

आमच्या बचत गटातली एक भगिनी नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून बाजाराला निघाली होती. टेम्पोने उडवलं. उजव्या मनगटाचं हाड मोडलं, आत पट्टी टाकावी लागली. घरात सात माणसांचा स्वयंपाक, गोठ्यात दोन म्हशी, दुपारच्या वेळात साड्यांना फॉल-पिको. आता त्या हाताने धड पोळी लाटता येत नाही, धार काढणं तर दूरच. दाव्याच्या अर्जात तिच्या नावापुढे काय लिहिलं होतं? 'व्यवसाय – घरकाम. उत्पन्न – निरंक.' नवऱ्याला नुसतं खरचटलं होतं, पण त्याच्या बुडालेल्या आठ दिवसांच्या मजुरीचा हिशेब मात्र पै-पैशासकट मांडलेला! मी विचारलं तर वकीलसाहेब म्हणाले, "ताई, त्या कमावत्या नाहीत ना, काय लिहिणार?"

काय लिहिणार, हे सर्वोच्च न्यायालयाने कधीच सांगून ठेवलं आहे. १९८९ साली जमशेदपूरला एका समारंभात आग लागून अनेकांचा बळी गेला, त्यात गृहिणी खूप होत्या. त्या खटल्याच्या निकालात, २००१ मध्ये, न्यायालयाने ३४ ते ५९ वयाच्या गृहिणीच्या घरकामाची किंमत महिना ३,००० रुपये धरली. आज ती रक्कम थोडी वाटेल, पण 'निरंक' तर नव्हे! पुढे २०१० च्या निकालात न्यायालयाने जनगणनेवरच बोट ठेवलं, कारण २००१ च्या जनगणनेत घर सांभाळणाऱ्या बायकांना भिकारी आणि कैदी यांच्या जोडीला 'काम न करणारे' म्हणून बसवलं होतं. आणि जानेवारी २०२१ च्या निकालात तर सरकारी पाहणीचे आकडेच दिले आहेत. बाई घरच्या बिनपगारी कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवते, पुरुष ९७. हे निकाल मृत्यूच्या दाव्यांतले आहेत हे खरं. पण हात गेल्यावर तेच काम करता येत नसेल तर त्याची किंमत मागायला हाच आधार आहे.

दुसरी गोष्ट, अपंगत्वाच्या दाखल्याची. सिव्हिल हॉस्पिटलच्या दाखल्यावर 'वीस टक्के' लिहिलं की आपण म्हणतो झालं, वीस टक्के. तसं नसतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या आणखी एका निकालात सांगितलं आहे की सुताराचा डावा हात गेला तर त्याची कमाई जवळजवळ पूर्ण बुडते, तोच हात कारकुनाचा गेला तर त्याची नोकरी टिकू शकते. म्हणजे हात काय काम करत होता, हे विचारलंच पाहिजे. म्हणून जो वकील पहिल्या भेटीत "तुम्ही दिवसभर काय काय करता?" असं त्या बाईलाच विचारतो, नवऱ्याला नाही, तो वकील मला बरा वाटतो. त्याचा बोर्ड केवढा मोठा आहे यावर जाऊ नका. एमएसीटीच्या, म्हणजे मोटार अपघाताच्या, किती केसेस तो स्वतः चालवतो, तारखेला तो येणार की ज्युनिअर, डॉक्टरांची साक्ष काढणार का, हे विचारा. विचारताना संकोच वाटतो, मान्य आहे. भाजीवाल्याशी पाच रुपयांसाठी आपण पंधरा मिनिटं घालतो, तेव्हा वाटतो का?

आता फीचं बघू. 'आधी काही नको, मिळेल त्यातले इतके टक्के' हा धंदा आमच्याकडे सर्रास चालतो. मी पंचवीस टक्क्यांपर्यंतचे आकडे ऐकले आहेत. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत हे बसत नाही. दाव्याच्या निकालावर फी ठरवायची नाही, मिळणाऱ्या पैशात वाटा ठरवायचा नाही आणि दलालांमार्फत पक्षकार गोळा करायचे नाहीत, असं त्यांत स्पष्ट आहे. तरी लोक कबूल होतात, कारण हातात रोख नसते. ती अडचण मला कळते, आणि असं करणारे सगळेच वकील वाईट असतात असंही मी म्हणणार नाही. पण ठरावीक फी, हप्त्याने, पावती घेऊन, हे मागून तर बघा! काही वकील तयार होतात. कोऱ्या स्टँपपेपरवर आणि कोऱ्या चेकवर सही मात्र कुणी कितीही गोड बोललं तरी करू नका. नुकसानभरपाई दावेदाराच्या नावानं येते, आणि तो कोरा चेक तेव्हाच बाहेर निघतो.

पैसेच नसतील तर? तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, जिल्ह्याला विधी सेवा प्राधिकरण. १९८७ च्या कायद्याप्रमाणे तिथे कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळू शकतो, तिचं उत्पन्न कितीही असो. पिवळं रेशनकार्ड लागतं हा निव्वळ गैरसमज! १५१०० या क्रमांकावरही विचारता येतं. 'फुकटचा वकील काय कामाचा' असं नाक मुरडणारे भेटतीलच. आमच्या त्या भगिनीला तिथूनच एक वकीलबाई मिळाल्या. त्यांनी अर्जात दुरुस्ती मागितली. स्वयंपाक, म्हशी, फॉल-पिको, सगळं आकड्यांसकट त्यात आलं. आधीचे वकील फी राहिली म्हणून कागद देईनात. तेव्हा वकीलबाईंनीच सांगितलं, फीसाठी पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच ठरवलं आहे. कागद आले. निकाल अजून यायचा आहे.

मुदतीचं मात्र सांभाळा. १ एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांत दावा दाखल करायचा, असं कायद्यात आलं आहे. त्याला न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, म्हणून मुदत टळली तरी कुणाच्या सांगण्यावरून घरी बसू नका, वकिलाला विचारा. पण त्या भरवशावर थांबायचंही नाही. अपघात परगावी झाला असला तरी दावा आपण राहतो त्या भागाच्या न्यायाधिकरणात करता येतो. पोलिसांनी ४८ तासांत न्यायाधिकरणाला अपघाताचा पहिला अहवाल द्यायचा असतो आणि जखमींना त्यांच्या हक्कांची माहिती देणारा फॉर्मही द्यायचा असतो. तो मागून घ्या. धडक देऊन गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तरी गंभीर दुखापतीला ५० हजार आणि मृत्यूला २ लाख रुपये देणारी वेगळी योजना आहे.

लोकअदालतीत तडजोड होणार असेल तर त्या दिवशी दाव्यातल्या बाईनं स्वतः जावं, घरातल्या पुरुषाला धाडून देऊ नये. एकदा तिथे सही झाली की त्यावर अपील नाही. विमा कंपनीने किती देऊ केले, हा आकडा आपल्या कानांनी ऐकावा आणि पटला नाही तर "मला विचार करायचा आहे" म्हणून उठावं. तसं उठता येतं, कोणी पकडून ठेवत नाही.

आणि आजपासूनच एक वही घाला. औषधाची बिलं, डिस्चार्ज कार्ड, रिक्षाचं भाडं तर त्यात येईलच. पण हात प्लॅस्टरमध्ये असताना भांड्यांना बाई लावली तिचा पगार, धार काढायला गडी लावला त्याची मजुरी, डबा आणला त्याचे पैसे, हेही तारखेसकट लिहा आणि घेणाऱ्याची सही घ्या. वकिलाकडे पहिल्यांदा जाल तेव्हा ही वही पिशवीत असू द्या.