भूवैकुंठाचे पाणी

पंढरपुराविषयी लिहिणाऱ्या आमच्या सुशिक्षित बांधवांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गास वेशीत पाऊल टाकताच वैकुंठ दिसू लागते व गटारातही तीर्थाचा भास होतो. दुसरा वर्ग नाकास रुमाल लावूनच गावात शिरतो आणि घरी परतल्यावर घाण, माश्या, दुकानदार व पुजारी यांची एक लांबलचक यादी प्रसिद्ध करून मोकळा होतो. पहिल्या वर्गाशी वाद घालण्यात हशील नाही. आमचा वाद दुसऱ्याशी आहे, आणि तो थोडा जिव्हाळ्याचाही आहे. कारण अगदी परवापर्यंत आम्ही स्वतः त्याच वर्गात मोडत होतो.

या वर्गाचे म्हणणे खोटे आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. आषाढीस लक्षावधी माणसे या लहानशा गावी लोटतात आणि त्यांच्या मागे वाळवंटाची जी अवस्था होते, तिचे वर्णन करण्यास लेखणी कचरते. वारीनंतरचा मैला माणसांच्या हातांनी उपसला जातो, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. ज्या मंदिराच्या महाद्वाराबाहेर चोखोबांची समाधी आहे, त्याच गावात हे उपसणारे हात कोणत्या वस्तीतून येतात, हे वाचकांस निराळे सांगावयास नको. हे पाहून ज्याचे मन उद्विग्न होत नाही, त्याने समतेच्या गोष्टी बोलू नयेत.

परंतु येथून पुढे आमचे टीकाकार जो निष्कर्ष काढतात, तो आम्हांस मान्य नाही. ‘हे गाव असेच होते व असेच राहणार’ असे म्हणणाऱ्यास या गावाचा इतिहासच ठाऊक नाही. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी येथे उपोषण मांडले आणि दहा दिवसांत विठ्ठलमंदिराचे दार अस्पृश्य मानलेल्यांस उघडले. १९७३ साली कायदा होऊन मंदिराच्या कारभारातील वंशपरंपरागत हक्कांवर घाला पडला. तो तंटा चाळीस वर्षे चालला, आणि २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बडवे-उत्पातांचा दावा फेटाळून त्याचा निकाल लावला. आज कोणत्याही जातीचा मनुष्य गाभाऱ्यात जाऊन देवाच्या पायांवर प्रत्यक्ष डोके ठेवू शकतो. ज्या गावाने शतकांचे कुलूप उघडले, त्यास एक नदी स्वच्छ करता येणार नाही, हे आम्ही का मानावे?

पण नदी पंढरपुराने एकट्याने स्वच्छ करावयाची आहे काय? आमच्या वादाचे खरे मर्म येथे आहे. गेल्या खेपेस आम्ही चंद्रभागेच्या काठी, अर्थात रुमाल सावरीत, उभे होतो. शेजारी एक वृद्ध वारकरीण बाटलीत तीर्थ भरून घेत होती. तिने आमचे गाव विचारले. आम्ही पुणे सांगितले. तेव्हा तिचा चेहरा उजळला व ती म्हणाली, “पुण्याचं व्हय? मंग ह्ये पानी तुमच्याच गावावरनं आलं म्हनायचं. भाग्याचं हाय तुमचं गाव.”

त्या बाईने आमचा गौरव केला. आम्हांस मात्र वाळूत तोंड लपवावेसे वाटले. चंद्रभागा म्हणजे भीमाच. तुळापुरास तिला इंद्रायणी मिळते आणि आणखी खाली मुळा-मुठा मिळते. इंद्रायणी देहू-आळंदीवरून येते. तिच्यावर कारखान्यांचा व वस्त्यांचा फेस तरंगताना आळंदीकरांनी कितीदा तरी पाहिला आहे. मुळा-मुठेत पुणे व पिंपरी-चिंचवड या शहरांचे सांडपाणी पुरते शुद्ध न होताच सोडले जाते. हे सारे उजनीच्या धरणात साठते, आणि वारकऱ्यांस स्नान घडावे म्हणून आषाढीस तेच पाणी पंढरपुराकडे सोडण्यात येते. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पायी निघतात. आमच्या शहराची घाणही त्याच दिशेने वाट चालते, आणि तिची वारी तर बारमाही आहे!

मग ज्याने घाण धाडली त्यानेच नाक दाबावे, हा कोठला न्याय? यावर कोणी म्हणेल, ‘आम्ही कर भरतो, पुढचे काम महापालिकेचे.’ उत्तम. पण हाच बचाव पंढरपूरकराने केला, म्हणजे आपण त्यास अडाणी का म्हणतो? शहरात भूखंड व रस्ते यांसाठी सभा भरतात, मोर्चे निघतात. मैलाशुद्धीसाठी निवडणुकीत मत मागणारा उमेदवार आणि त्यास ते देणारा मतदार आम्हांस अद्याप भेटावयाचा आहे.

पंढरपुराचे दोष पंढरपुरास सांगावेतच. वाळवंटाची व्यवस्था आणि सफाई करणाऱ्यांची त्या अमानुष कामातून सुटका, ही दोन्ही कामे तेथील व सरकारी अधिकाऱ्यांनी केलीच पाहिजेत. पण पुण्याच्या प्रवाशाने ती यादी लिहावयास बसण्यापूर्वी आपल्या घरच्या मोरीचे पाणी कोठे जाते, याचा एकदा शोध घ्यावा. ते पाणी त्या म्हातारीच्या बाटलीत जाते, आणि ती ते डोळे मिटून पिते. तिच्या श्रद्धेस हसण्याचा अधिकार इतरांस असेल; आम्हांस तो नाही.