"आत कुणाची ओळख आहे का?"

गेल्या आठवड्यात रात्री साडेदहाला फोन आला. ओळखीचे गृहस्थ, बाजारात भांड्यांचं दुकान. "भाऊ, पोराला पोलिसांनी नेलंय. तुमची आत कुणाची ओळख आहे का?"

पोरगं एकोणीस वर्षांचं, कॉलेजात. कुणीतरी सांगितलं, तुझं बँक खातं आणि एटीएम कार्ड महिनाभर वापरायला दे, पाच हजार देतो. यानं दिलं. त्या खात्यातून ऑनलाइन फसवणुकीचे पैसे फिरले आणि माग काढत पोलीस घरी आले.

मी वडिलांना विचारलं, गुन्हा कोणता? माहीत नाही. अटक केलीय की नुसती चौकशी? माहीत नाही. कागद काही दिला? नाही. आत पोरगं भेटलं तेव्हा म्हणालं, "काका, एका कागदावर सही केली." वाचलास का? "नाही, भीती वाटली."

आधी एक गोष्ट सरळ सांगतो. पोराची चूक आहेच. त्या खात्यातून गेलेला पैसा कुणाच्या तरी आयुष्याची पुंजी होती. "मला माहीत नव्हतं" ही कायद्यात सबब होत नाही. पण अडाणीपणाची शिक्षा दोनदा का भोगायची? एकदा गुन्ह्यात अडकताना आणि दुसऱ्यांदा ठाण्यात बसल्यावर?

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. त्यात आणि राज्यघटनेच्या कलम २२ मध्ये काही गोष्टी स्पष्ट लिहिल्यात. अटक केली तर कारण सांगावंच लागतं. घरच्यांना कळवावं लागतं. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं. चौकशी चालू असताना आपल्या वकिलाला भेटता येतं. वकील पूर्णवेळ शेजारी बसेल असं नाही, पण भेट नाकारता येत नाही. आणि तुम्ही स्वतः फिर्याद द्यायला गेलात, तर एफआयआरची प्रत फुकट मिळते. "आमच्या हद्दीत येत नाही" म्हणून परत पाठवता येत नाही, गुन्हा झिरोने नोंदवून पुढे पाठवावा लागतो.

अठराच्या आतल्या मुलाला तर लॉकअपमध्ये ठेवताच येत नाही. त्याला बाल न्याय मंडळापुढे न्यायचं असतं. आणि पोराला दहावी पास झाला म्हणून गाडीची चावी देणाऱ्या बापांनो, अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड आहे. २०१९ पासून.

आता आमच्या धंद्याबद्दल. "टोळी गजाआड" असं शीर्षक देऊन तोंडावर रुमाल बांधलेल्या पोरांचे फोटो मीही छापलेत. पुढे कोण निर्दोष सुटलं, याची बातमी किती वेळा दिली? बोटावर मोजण्याइतकी. अल्पवयीन मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, हे आमच्यातल्याही काहींना ठाऊक नसतं. सोशल मीडियावर तर गावच पत्रकार झालंय.

शाळेत नागरिकशास्त्र आहे, पण त्यात राष्ट्रपतींची निवडणूक शिकवतात. ठाण्यातून फोन आला तर काय करायचं, हे कोण शिकवणार? गणेश मंडळाला डीजेसाठी वर्गणी जमते. कॉलेजच्या गॅदरिंगला पाहुणा म्हणून मालिकेतला नट येतो. त्यातला एक तास काढा. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती आहे, अशी शिबिरं घेणं हे तिचं कामच आहे. प्राचार्यांनी एक पत्र द्यायचंय. सोबत ठाण्यातले एखादे साहेबही बोलवा. पोरांनी त्यांना समोरासमोर प्रश्न विचारू देत. दोघांचीही भीड चेपेल.

त्या रात्री मी गेलो म्हणून साहेब दोन शब्द नीट बोलले, हे मला कळतं. आणि तेच मला बोचतंय. ज्याच्याकडे पत्रकाराचा नंबर नाही, त्या बापानं काय करायचं? त्यासाठीच हे नंबर घरात लिहून ठेवा: मोफत कायदेशीर मदत १५१००, ऑनलाइन फसवणूक १९३०, मुलांसाठी १०९८. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती आणि कोठडीतला माणूस यांना सरकारी खर्चानं वकील मिळतो. हक्क आहे तो, उपकार नाही.

आज रात्री जेवताना पोराला एवढंच विचारा, "तुझं खातं कुणाला वापरायला दिलंयस का रे?" उत्तर ऐकून घ्या. ओरडू नका.