भाजणीचा हिशेब संगणकावर

गेल्या दिवाळीत जाऊबाईंच्या भाजणीच्या एका पाकिटात अळ्या निघाल्या. ते पीठ कुठल्या दळणाचं, आणखी कोणत्या दुकानांत गेलं, याची वहीत नोंदच नव्हती. सगळा माल परत आणावा लागला. सणाची कमाई त्यातच गेली!

मग आम्ही दोघींनी ‘ईआरपीनेक्स्ट’ घेतलं. मुंबईच्या फ्रापे कंपनीचं हे सॉफ्टवेअर ‘ओपन सोर्स’ आहे. म्हणजे शेजारणीनं कृतीसकट दिलेला मसालाच म्हणा ना. तिखट-मीठ आपल्या चवीनं घालावं. खरेदी, विक्री, साठा, उधारी सगळं त्यात मांडता येतं. दर दळणाला बॅच क्रमांक द्यायचा आणि विक्रीच्या वेळी तोच घालायचा. कुठलं पीठ कुठे गेलं ते लगेच सापडतं. ‘कस्टमाइझ फॉर्म’मध्ये जाऊन मी ‘गिरणी’ हा रकाना वाढवला. त्याला प्रोग्रॅमिंग काही लागलं नाही.

मात्र फुकट म्हणून हुरळून जाऊ नका हं! परवान्याचे पैसे नसले, तरी भाड्यानं घेतलेल्या सर्व्हरचे दरमहा जातात. बॅकअपही आठवणीनं घ्यावा लागतो. आणि हौसेनं वीस रकाने वाढवाल, तर रोज भरणार कोण? वही चुकली ती नोंद राहिली म्हणून, संगणकाचंही तेच. तेव्हा आपल्याला नेमकं काय शोधावं लागतं, ते आधी कागदावर लिहा. रकाने तेवढेच ठेवा.