उंदीर आणि गुदामे

मुंबई शहर आणि उंदीर यांचे वैर जुने आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ विएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला आणि वखारींच्या त्या वस्तीतून साथ साऱ्या शहरात पसरली. जुलै २००५ च्या महापुरानंतर लेप्टोस्पायरोसिसने घेतलेले बळीही नागरिक विसरलेले नाहीत. तेव्हा गुदामांतून उंदरांचे उच्चाटन झाले पाहिजे, याविषयी दुमत संभवत नाही. प्रश्न आहे तो मार्गाचा.

आज दुकानांत व गुदामांत सर्रास आढळतो तो चिकट गोंदाचा सापळा. त्यावर अडकलेला जीव तासन्‌तास तडफडतो, सुटकेसाठी स्वतःचे पाय कुरतडतो आणि अखेरीस जिवंतपणीच कचऱ्यात जातो. तो उचलण्याचे काम येते हमालाच्या माथी! लेप्टोस्पायरोसिस उंदराच्या मूत्रातून पसरतो, हे ध्यानी घेतले म्हणजे यातील धोकाही उमगेल. रक्त गोठू न देणारे विषही असेच. ते खाल्लेला उंदीर मरण्यास काही दिवस लागतात आणि त्याला भक्ष्य करणारे घुबडही विषाला बळी पडू शकते. शत्रूबरोबर मित्रही मारावा, असा हा व्यवहार! प्राण्यांना अनावश्यक यातना देण्यास १९६० च्या कायद्याने मनाई केलेली आहे. इंग्लंडने तर गोंदाच्या सापळ्यांविरुद्ध २०२२ साली स्वतंत्र कायदाच केला.

माल कुरतडला जात असताना भूतदयेच्या गोष्टी परवडत नाहीत, असे व्यापारी म्हणतील. आमचे म्हणणे असे की, परवडत नाही ती क्रूरताच. अन्न आणि आसरा कायम असेल, तर मेलेल्यांची जागा भरून येण्यास विलंब लागत नाही. कारण उंदराची मादी सुमारे तीन आठवड्यांत विते. महापालिकेचे मूषकसंहारक रात्री काठ्या घेऊन गल्लीबोळांतून फिरतात. पण गुदामाची भिंत पोखरलेली असेल, तर त्यांनी किती घाम गाळावा?

उपाय साधे आहेत. अर्ध्या इंचाची फटही उंदराला पुरते. ती सिमेंट व लोखंडी जाळीने बुजवावी. शटरखाली पत्र्याची पट्टी, गटाराच्या तोंडाशी जाळी बसवावी. पोती भिंतीपासून दीड फूट दूर, फळ्यांवर रचावीत आणि सांडलेले धान्य रोज सायंकाळी झाडून काढावे. एवढे करूनही मारणे अपरिहार्य ठरले, तर तत्काळ प्राण घेणारा चाप लावावा आणि तो रोज तपासावा. पिंजऱ्यात धरून बादलीत बुडविणे किंवा शेजाऱ्याच्या दारी सोडणे, ही दया नव्हे.

गुदामाचा परवाना देताना व त्याचे नूतनीकरण करताना या गोष्टींची प्रत्यक्ष तपासणी महापालिकेने सक्तीची करावी, अशी आमची मागणी आहे. उंदीर आपणहून येत नाही. आपली बेपर्वाई त्याला आमंत्रण देते. त्या बेपर्वाईचे प्रायश्चित्त त्याच्या यातनांनी होणार नाही.