शरीर हेच भांडवल

महाड तालुक्यातील फौजी आंबवडे या गावाचे नावच सैन्यभरतीशी जोडलेले आहे. या मुलखात, पोलादपूरच्या डोंगरवाड्यांतही, शेती तोकडी. मुंबईच्या गिरण्याही गेल्या. तरुणाचे भांडवल म्हणजे शरीर. २०२२ च्या अग्निपथ योजनेने सैनिकाची नोकरी चार वर्षांची केली. अशा टंचाईत दंड व छाती झटपट भरविणारी इंजेक्शने विकणाऱ्यास गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. (पोलीस भरतीत १६०० मीटर धावावे लागते, फुगलेले दंड तेथे ओझेच!)

दम्यावर डॉक्टर देतात ते स्टेरॉइड निराळे. ते प्रतिकारशक्ती उघडपणे दडपते. २०२१ च्या काळ्या बुरशीत त्याच्या अतिवापराचा वाटा होता. व्यायामशाळेतील ॲनाबोलिक स्टेरॉइड हे टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचे भाईबंद. त्याचा घाव सहसा दिसत नाही. स्टॅनफर्डच्या संशोधकांना २०१३ साली आढळले की, ज्या पुरुषांत हे संप्रेरक अधिक, त्यांच्यात फ्लूच्या लशीने प्रतिपिंडे कमी निर्माण झाली. मग निसर्गाच्या कितीतरी पट मात्रा टोचून घेणाऱ्याचे काय होत असेल? सामायिक सुईतून ब व क प्रकारची कावीळ आणि एचआयव्ही येतात, ते वेगळेच. हाच तरुण आषाढात लावणीच्या चिखलात उतरतो, सावित्रीचा पूर ओसरला की गाळ उपसतो. लेप्टोचे जंतू तेथेच असतात.

डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून ही औषधे विकण्यास कायद्याने मनाई आहे. भरतीच्या तोंडावर अन्न व औषध प्रशासन दुकाने आणि व्यायामशाळा का तपासत नाही, हे आपल्या कार्यकर्त्यांनी लेखी विचारावे.