कपाट रिकामं करणाऱ्यांना

गेल्या चातुर्मासात आमच्या बस्तीच्या स्वाध्यायगृहात एक सूचना आली. तिथल्या लोखंडी कपाटात वरच्या फळ्यांवर शास्त्रं आहेत, खालच्या दोन फळ्यांवर कादंबऱ्या. खालच्या फळ्या रिकाम्या कराव्यात, असं एका अण्णांनी सुचवलं. कारण काय, तर प्रवचन संपलं की बायका वर हात करत नाहीत, खाली वाकतात. 'भगिनींनो, ही विकथा आहे,' असं ते तसं प्रेमानंच म्हणाले. आम्ही वीस-बावीस जणी सतरंजीवर बसलो होतो. एकीनं तोंड उघडलं नाही. मीही नाही. घरी येऊन भाकरी थापताना मात्र एकेक उत्तर सुचायला लागलं, ते आता लिहितेय.

विकथा चार, हे मलाही पाठ आहे. स्त्रीकथा, राजकथा, चोरकथा, भोजनकथा. आमच्या खालच्या फळीवरची सगळ्यात झिजलेली प्रत आहे व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'ची. 1955 सालचं पुस्तक. त्यात राजा येतो, चोरी करणारा रामोशी आहे, बाया आहेत आणि धनगरांची भाकरीही आहे. म्हणजे चारही दोष एकाच पुस्तकात! पण अण्णा, हाच हिशेब वरच्या फळीला लावून बघा. भरत-बाहुबली हे राजेच. अंजन हा चोरच. अनंतमती ही स्त्री. आणि ऋषभदेवांना श्रेयांस राजानं दिलेला उसाचा रस, ज्याची आपण अक्षय्यतृतीयेला आठवण काढतो, तो काय होता? आपल्या आचार्यांनी चार अनुयोगांतला पहिला गोष्टींना दिला, त्यालाच प्रथमानुयोग म्हणतात. माणूस गोष्टीनं वळतो हे त्यांना ठाऊक होतं.

यावर उत्तर येणार, की त्या गोष्टी धर्माकडे नेतात. मान्य. मग कसोटी तीच ठेवू या: वाचून कषाय वाढतो की मंद होतो? माझ्यापुरतं सांगते. दुपारी पुस्तक उघडताना माझ्या डोक्यात जावेनं टाकलेला शब्द असतो, गॅस संपल्याची चिडचिड असते. चार वाजता उठते तेव्हा शब्द आठवतो, पण बोचत नाही. टीव्हीवरच्या मालिकेनं असं कधी झालेलं नाही. तिथं तर आपली नसलेली भांडणंही आपण घरी घेऊन येतो. गंमत म्हणजे त्या मालिकांवर अजून कुणी ठराव आणलेला नाही. अण्णाही बघतात म्हणे.

दुसरी टीका माझ्या घरातूनच आली, आणि ती मला जास्त लागली. माझी भाची कॉलेजात मराठी शिकवते. ती म्हणाली, 'मावशी, असलं गोड खेडं कधी नव्हतंच. तुम्ही बायका त्यात पळून जाता.'

गोड नव्हतं, हे ती मला सांगते! माझं माहेर वेदगंगेच्या काठचं. आमच्या घागरी वरच्या पाणवठ्यावर भरायच्या, आणि गावानं ज्यांना वेशीबाहेर ठेवलं होतं त्यांच्या खालच्या. सूक्ष्म जीव मरू नयेत म्हणून आम्ही ते पाणी दुहेरी कापडातून गाळून घ्यायचो. खालच्या पाणवठ्याबद्दल मात्र घरात कधी कुणी बोललं नाही, मीही विचारलं नाही. ही लाज माझ्याजवळ आहे. ती मला कुठल्या पुस्तकानं शिकवलेली नाही आणि कुठल्या पुस्तकानं पुसलेलीही नाही.

म्हणून मी एकदा मुद्दाम उद्धव शेळक्यांची 'धग' एका मैत्रिणीच्या हातात दिली. तिची आई निपाणीला तंबाखूच्या वखारीत जायची. आठ दिवसांनी तिनं पुस्तक परत आणलं, निम्म्यावर खूण तशीच. म्हणाली, 'अक्का, ही कौतिक म्हणजे आमची आईच की. हे मला माहीत आहे. दुसरं दे.' आता हिला काय अज्ञानी म्हणायचं? तंबाखूच्या खकाण्यानं खोकणारी आई जिनं रात्रभर ऐकली, तिनं दुपारी पुन्हा तोच खोकला वाचावा, हा आग्रह धरायचा हक्क भाचीला कुणी दिला? वाचायचं तेव्हा ती 'धग' वाचेल. पुस्तक फळीवर आहे.

आणि शांत, गोड म्हणतात त्या कादंबऱ्या तरी शेवटपर्यंत कुणी वाचल्यात का? 'बनगरवाडी' संपते दुष्काळानं; माणसं मेंढरं घेऊन निघून जातात, वाडी ओस पडते. गो. नी. दांडेकरांची 'पडघवली' तर कोकणातल्या एका गावाचं मोडत जाणंच आहे, तेही तिथल्या सुनेच्या तोंडून. आमच्या शेजारच्या कागलकडच्या बोलीतली आनंद यादवांची 'गोतावळा' घ्या. मळ्यात ट्रॅक्टर येतो आणि जित्राबं एकेक करून जातात. आमच्या बायका ही पानं रडत वाचतात आणि पुढच्या महिन्यात तेच पुस्तक पुन्हा मागतात. सगळं छान होतं म्हणून नव्हे. लिहिणाऱ्याला घाई नाही म्हणून. म्हातारा कारभारी असो, चुकलेलं कोकरू असो, तो प्रत्येकाजवळ थांबतो. आमच्याजवळ असं कोण थांबतं? घरात आम्हाला हाक येते ती काहीतरी हवं असतं तेव्हाच.

पळण्याचं म्हणाल, तर पुरुष पारावर पत्ते कुटतात त्याला विरंगुळा म्हणतात. आपल्यातली एखादी आर्यिका दीक्षा घेते तेव्हा आपण वाजतगाजत मिरवणूक काढतो, आणि काढावीच. तो त्याग मोठा आहे, माझ्या ताकदीबाहेरचा आहे. पण जी घर सोडत नाही, पहाटे पाणी गाळते, अष्टमी-चतुर्दशी सांभाळते, सूर्य मावळायच्या आत दहा माणसांची ताटं वाढून मोकळी होते, तिनं मधले दोन तास स्वतःसाठी ठेवले तर लगेच सभेत विषय! या दोन तासांचा राग नेमका कशाचा आहे? पुस्तकाचा, की ती त्या वेळेत कुणाच्या हाकेला ओ देत नाही याचा?

अण्णांची सूचना पुढच्या बैठकीत पुन्हा येणार आहे. या वेळी मी गप्प बसणार नाही, आणि सतरंजीवरच्या बाकीच्यांनीही बसू नये. निपाणीत पिठाची गिरणी चालवत लिहिणाऱ्या महादेव मोऱ्यांची पुस्तकं आपल्या कपाटात नाहीत, ती आणायचीत. त्यासाठी मी वर्गणी काढतेय. कपाटाची किल्ली तूर्त माझ्याकडे आहे. दुपारी दोन ते चार.